चाचणीचा रस्ता

सकाळी कार्यालयात येऊन तिने पर्स खुर्चीच्या पाठीला अडकवली, संगणक सुरू केला, आणि विभागातली निम्म्याहून अधिक मालवाहतूक आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालून निघते आहे असं तिच्या लक्षात आलं. आधी तिला वाटलं, चष्म्यावर काहीतरी आहे. चष्मा रुमालाने पुसून पुन्हा पाहिलं. रेघ जागच्या जागी होती, आणि पुसलेल्या चष्म्यातून जास्तच जाड दिसत होती. नव्या सॉफ्टवेअरचा तो नेमच होता: विभागात फिरणाऱ्या प्रत्येक ट्रकमध्ये एक छोटं यंत्र बसवलेलं, ते यंत्र ट्रक कुठे आहे ते कळवत राहणार, आणि त्या लाखो ठिपक्यांवरून सॉफ्टवेअर ठरवणार की कुठला माल कुठल्या रस्त्याने गेला तर सगळ्यांचं भलं होईल. ज्या रस्त्यावर माल जास्त त्याची रेघ जाड. गावाकडचे रस्ते दोऱ्यासारखे, बंदराकडचे दोरखंडासारखे. आजवर दोरखंडाच्या वर काही गेलं नव्हतं. आज मात्र तिच्या इमारतीच्या फाटकापासून एक लालभडक अजगर निघाला होता आणि कुठेही न वळता, न थांबता, मधला अख्खा डोंगर खिजगणतीत न धरता, पलीकडच्या गावात दादाच्या पायरीवर तोंड ठेवून पडला होता. तिने खुर्ची मागे सरकवली. मग, का कोण जाणे, थोडं हसूही आलं. कारण रेघ सुरेख होती, हात कुठेही थरथरलेला नव्हता, आणि ती तिनेच काढली होती.

चाचणीची रेघ होती ती. नकाशे काढणाऱ्यांच्या जमातीत ही एक जुनी खोड आहे. कुठलंही नवं साधन हातात आलं की त्याच्यावर पहिली रेघ काढायची ती आपल्या घरापासून, आणि न्यायची ती जिथे जावंसं वाटतं तिथे. ती नोकरीला लागली तेव्हा इथे कागद होते, शाईची पेनं होती, उतरती टेबलं होती, आणि सगळ्यांना शिकवणारे स्केलकाका होते. ते जेवतानाही लोखंडी पट्टी खिशातून काढत नसत. नवं निब आलं की ते म्हणत, "आधी घरचा रस्ता काढ बघू. त्यावर हात खोटं बोलत नाही." मग प्रत्येक जण कोऱ्या कागदाच्या कोपऱ्यात आपापला रस्ता काढी. कुणी सासुरवाडीला, कुणी क्रिकेटच्या मैदानाला, एका कारकुनाने तर थेट समोरच्या खोलीतल्या टायपिस्टबाईंच्या टेबलापर्यंत काढला होता, आणि पुढे तो रस्ता रीतसर बांधलाही गेला. त्यांना आता नातवंडं आहेत. काकांचा स्वतःचा रस्ता कुठे जातो हे कुणाला कळलं नाही, कारण ते रेघ काढत आणि लगेच खोडत. खोडण्यावर त्यांचा कटाक्ष होता. "काढताना मन मोकळं, खोडताना हात मोकळा," म्हणत, आणि रबराची भुकटी फुंकरीने उडवत. काका गेले, टेबलं गेली, शाई वाळली, पण खोड राहिली. नवं सॉफ्टवेअर आलं त्या दिवशी दुपारी, सगळे जेवायला गेलेले पाहून, तिने 'चाचणी' नावाचा वेगळा लेअर, म्हणजे नकाशावर पसरायचा एक पारदर्शक थर, उघडला आणि आपल्या दारापासून दादाच्या दारापर्यंत एक रस्ता काढला. चढ शून्य, खड्डे शून्य, वाहतूक कोंडी शून्य. असा रस्ता त्या विभागात तोवर झाला नव्हता. काढून झाल्यावर ती जरा वेळ त्याच्याकडे बघत बसली होती. खोडायचं राहून गेलं. कदाचित रबराची भुकटी दिसत नसल्यामुळे राहिलं असेल. संगणकाला खोडल्याचा वासही नसतो. तसंही त्याने काही बिघडणार नव्हतं. चाचणीचा लेअर वेगळा, खऱ्या रस्त्यांचा वेगळा, एकाचा पाय दुसऱ्यात अडकण्याचं कारण नव्हतं. पण मागच्या आठवड्यात साहेब तिच्या खुर्चीमागे उभे राहिले होते. साहेब भला माणूस, फक्त संगणकाला ते हात लावत नसत. दुसऱ्याच्या मुलाला सर्दी असावी तसे लांबूनच कौतुक करत. त्या दिवशी मात्र रस्ते मंजूर करणाऱ्या समितीचे एक सदस्य सोबत होते, आणि साहेबांना काहीतरी करून दाखवणं भाग होतं. त्यांनी पडद्यावरचं सर्वांत मोठं बटण निवडलं आणि दाबलं. त्यावर 'सर्व लेअर एकत्र करा' असं लिहिलेलं होतं. संपूर्ण कारकिर्दीत साहेबांनी स्वतः दाबलेलं ते एकमेव बटण.

आणि सॉफ्टवेअर बिचारं प्रामाणिक. त्याला रस्ता दिसला, चढ नाही, खड्डे नाहीत, गर्दी नाही. त्याने आठवडाभर गणितं केली आणि काल संध्याकाळी नकाशावरचा सगळा माल तिच्या दारात आणून ठेवला. सिमेंट, धान्य, औषधं, फरशा, काचेची तावदानं, कोंबड्यांचं खाद्य. तिला एकदम आपलं अरुंद फाटक आठवलं, त्याच्यापाशी रोज आडवी लावलेली शेजाऱ्यांची गाडी आठवली, आणि काही हजार ट्रकवाले त्या शेजाऱ्यांना काय काय ऐकवतील या विचाराने घटकाभर फार बरं वाटलं. मग तिने माउसने नकाशा सरकवत दुसरं टोक मोठं करून पाहिलं आणि ते बरं वाटणं थांबलं. अजगराच्या तोंडाशी सॉफ्टवेअरने एक करडा चौकोन आखला होता. इतका माल एका जागी उतरणार म्हटल्यावर ट्रक वळायला, थांबायला जागा हवी, म्हणून त्याने परस्पर टर्मिनल सुचवलं होतं. चौकोनात एक विहीर येत होती, एका गोदामाची मागची भिंत येत होती, आणि दादाचं घर पूर्ण येत होतं. पायरी, दोन खोल्या, मागचं ते आंबट फळांचं झाड, ज्याची फळं तो लोकांना गोड आहेत म्हणून वाटतो. चारला समिती बसणार होती. आराखडा सदस्यांकडे आदल्याच संध्याकाळी पोचला होता. समितीने मान हलवली की टर्मिनलच्या जागेवर खुणेचे दगड रोवायला माणसं जाणार, आणि रोवलेला दगड उपटायला किती वर्षं लागतात ते या कार्यालयात तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

साहेब आत आले ते अर्धं गुणगुणत. "बघितलंत ना बाई? काय रेघ आहे," ते म्हणाले. "मी काल घरी जाऊन बायकोला सांगितलं. म्हटलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपल्या खात्याला डोंगराच्या पलीकडचं दिसलं. बोगदा लागेल म्हणे. लागू दे. संगणक म्हणतोय तर असेल काहीतरी." तिने तोंड उघडलं. साहेबांनी नवा शर्ट घातला होता. कॉलरच्या आत दुकानाचं प्लास्टिक अजून राहिलेलं दिसत होतं. तिने तोंड मिटलं. "बघते जरा," एवढंच म्हणाली, आणि स्वतःच्या आवाजातला तो लबाड मऊपणा ऐकून चपापली. कारण साहेबांचा शर्ट हे नुसतं निमित्त होतं. बोगदा होऊ शकत होता. मूर्खपणातून मोठमोठी कामं झालेली तिने पाहिली होती. टर्मिनल एक पेरभर डावीकडे सरकवलं, दादाचं घर चौकोनाबाहेर काढलं, तर रेघ राहिली असती. आणि रेघ राहिली असती तर कधीतरी, ती म्हातारी व्हायच्या आत, सकाळी चहा पिऊन निघून दुपारी जेवायला दादाकडे पोचता आलं असतं. आता तसं नव्हतं. आता डोंगराला वळसा होता, अख्खा दिवस जाई, आणि त्या वळणांवर तिचं पोटातलं पोटात राहत नसे. मागच्या खेपेला ती पोचली ती चादरीसारखी पांढरी. दादाने तिला झोपवलं, लिंबू कापलं, भात केला, आणि परत निघायची वेळ आली तेव्हा कुठे ती उठून बसली. ट्रक चालवून चालवून त्याची कंबर अशी झालेली की डॉक्टरांनी त्याला बसायलाच मनाई केली. तो उभ्याने जेवतो आणि वाटेत भेटेल त्याला सांगतो की मी आता मोठा साहेब झालोय, मला बसायला वेळ नाही. तेव्हापासून दोघं फोनवर एकमेकांना बजावतात, येऊ नकोस. हे बजावणं रोज संध्याकाळी चालतं. नवरा टीव्हीचा आवाज कमी करून म्हणतो, झालं का तुमचं, न येण्याचं ठरलं का आजचं?

तिने फोन घेतला आणि जिन्याच्या वळणावर, जिथे मोडक्या खुर्च्या रचून ठेवलेल्या होत्या, तिथे जाऊन उभी राहिली. "काय गं पेन्सिल, सकाळी सकाळी?" दादा म्हणाला. लहानपणी ती काटकुळी होती म्हणून हे नाव. पुढे तिने तोच धंदा धरला तेव्हा त्याने त्याचं श्रेय घेतलं. "कुणी मेलंय का?"

"कुणी नाही. दादा, समज तुझ्या दारापर्यंत सरळ रस्ता झाला. माझ्याकडून तुझ्याकडे. डोंगरातून."

"बरं. समजलो."

"आणि सगळे ट्रक त्याच रस्त्याने आले."

"सगळे म्हणजे?"

"सगळेच."

मागे दादाच्या रेडिओवर कुणीतरी हवामान सांगत होतं. "चहाला दूध पुरायचं नाही," तो म्हणाला. "आणि परत कसे जाणार गं?"

तिने हे पाहिलंच नव्हतं. घाईने खाली येऊन तिने रेघेवर बोट ठेवलं तर खरंच, रस्ता एकेरी होता. काढताना तिने जाण्याचा बाण दिला होता, येण्याचा दिला नव्हता. म्हणजे माल सरळ जात होता आणि रिकामे ट्रक मुकाट्याने डोंगराला वळसा घालून, जुन्या वाटेने घरी येत होते. आठवडाभर, गणितातल्या गणितात. कुणी तक्रार केली नव्हती. त्या बारीक, वळणावळणाच्या, फिकट रेघेकडे ती बघत राहिली, आणि बघता बघता डिझेलचा वास आला, गरम रेक्झिनचा, दादाच्या शर्टाचा, आणि पायांखाली धडधडणाऱ्या पत्र्याचा तो कंप तळव्यांतून गुडघ्यांपर्यंत चढत गेला. आईवडील गेल्यावर दादाने शाळा सोडून ट्रक धरला होता, आणि तिची शाळा संपली तेव्हा तो म्हणाला, चल, तुला शहरात कॉलेजला घालतो, सिमेंटही तिकडेच न्यायचंय. ती त्याच्या शेजारी उंच सीटवर बसली आणि पहिल्या चढालाच तिचं पोट तोंडाशी आलं. दुसऱ्या वळणावर त्याने ट्रक थांबवला, तिची पाठ चोळली, आणि शांतपणे सांगितलं, "असं दर वळणाला थांबत गेलो तर कॉलेज सुटेल." मग त्याने सुट्या भागांचं एक खोकं फाडून पुठ्ठा तिच्या मांडीवर ठेवला, कानावरची पेन्सिल दिली. "बाहेर बघ आणि रस्ता काढ. मी सांगतो, तू काढ. वळण पोटाला कळायच्या आत हाताला कळलं पाहिजे. चालवणाऱ्याला कधी लागतं का बघ. त्याच्या हाताला आधी कळतं." आणि सबंध वाट तो सांगत गेला, आता डावं, लांब, हळूच उघडतंय, आता उजवं, फसवं आहे, आधी साधं वाटेल आणि मग वाकेल, आता पूल, पुलावर वारा येईल, कागद धर. ती काढत गेली. पोट जागेवर राहिलं. माथ्यावर त्याने ट्रक बाजूला घेतला, तीन दगड मांडले, आणि तिच्या हातातला पुठ्ठा घेऊन, नीट न बघताच, त्याच्या चिंध्या करून चुलीत घातला आणि चहा केला. लाकडं ओली होती, दुसरं करणार काय. ती रागावली नाही, तिला वाटलं नकाशाचं हेच करतात. कॉलेजच्या सगळ्या वर्षांत, जाताना आणि येताना, तिने त्या रस्त्याचे जेवढे नकाशे काढले ते सगळे चहाखाली गेले. शेवटीशेवटी दादा सांगायचा बंद झाला होता. तीच सांगायची, पुढचं फसवं आहे हं, आणि तो म्हणायचा, हो का? तो रस्ता सरळ असता तर दोघं कधीच पोचली असती. मग तिच्या हातात पेन्सिल कुणी दिली असती, आणि ती आज कुठल्या खुर्चीवर काय करत बसली असती, हे तिला काही केल्या डोळ्यांपुढे आणता येईना. इतकी वर्षं ती या रस्त्याला शिव्या घालत आली होती. आणि त्याच्यामुळेच रोज जेवत होती. त्याच्या वळणांनी तिचा हात घडवला, आणि त्या हाताने पहिली संधी मिळताच त्याला बगल देणारी रेघ काढली, हा प्रकार तिला गमतीचाही वाटला आणि जिव्हारीही लागला. दादाला ती आभारी आहे असं कधी म्हणाली नव्हती. त्यांच्या घरात तो शब्द नव्हता. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपांसारखा तो कुठल्यातरी वरच्या फळीवर होता आणि पाहुणे फारसे येत नसत.

ती उठली आणि साहेबांच्या खोलीत गेली. सगळं सांगितलं. बटणाचंही सांगितलं, पण ते मधे कुठेतरी, पटकन, जेवणात खडा आला तर आपण दुसऱ्याच्या घरी गिळतो तसं. साहेब ऐकत राहिले. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पडला, मग हळूहळू त्यावर एक नेहमीचा, घरचा चेहरा आला.

"म्हणजे मी आयुष्यात एकदा सगळ्या विभागाची वाहतूक सुरळीत केली," ते म्हणाले, "आणि ती तुमच्या माहेरी पाठवली."

"हो साहेब."

"बायकोला सांगितलं हो मी."

"त्यांना सांगा की सॉफ्टवेअर सुधारलं."

"तिला सॉफ्टवेअरबद्दल नाही सांगितलं. माझ्याबद्दल सांगितलं." त्यांनी कॉलरमध्ये बोट घातलं, त्यांना प्लास्टिक सापडलं, ते त्यांनी काढून टेबलावर ठेवलं आणि त्याच्याकडे पाहिलं. "भाऊ बरा असतो का?"

"कंबर दुखते. बाकी जीभ चालते."

"मग खोडा. पण आधी एकदा मोठी करून दाखवा बघू." ते तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले, हात पाठीमागे घट्ट बांधून, बटणापासून लांब. तिने रेघ पडदाभर मोठी केली. दोघांनी ती पाहिली. "छान होती," साहेब म्हणाले. तिने खोडली. भुकटी उडाली नाही, तरी तिने सवयीने हलकी फुंकर घातली, आणि साहेबांनी का म्हणून विचारलं नाही. तेही स्केलकाकांच्याच हाताखालचे. मग तिने पुन्हा गणित सुरू केलं. काही वेळ पडद्यावर काहीच झालं नाही. मग डोंगराभोवतीची ती फिकट रेघ भरायला लागली. खालून वर, एकेका वळणाने, नळ उघडल्यावर बागेतल्या पाटात पाणी सरकतं तशी ती जाड होत गेली. लांब डावं, फसवं उजवं, पूल, माथा. सगळी वळणं तिच्या हाताला आधी कळत होती.

समिती चारला बसली आणि जेमतेम चहा निवायच्या आत उठली. साहेबांनी उभं राहून सांगितलं की काल पाठवलेल्या आराखड्यातला एक रस्ता अस्तित्वात नाही, तो काढून टाकला आहे, त्याबरोबर टर्मिनलही गेलं. आता आहे तोच डोंगराचा रस्ता नीट करावा, वळणं रुंद करावीत, माथ्यावर ट्रकवाल्यांना थांबायला, चूल मांडायला जागा करावी. एका सदस्याने विचारलं, यात नवीन काय? साहेब म्हणाले, काही नाही. नवीन काही नसल्यामुळे कुणाला विरोधही सुचला नाही, आणि आराखडा मंजूर झाला. दारातून बाहेर पडताना साहेब तिला म्हणाले, "सोमवारपर्यंत येऊ नका." तिने रजेचा अर्ज केलेला नव्हता. तो करायचा विचार होता हे त्यांना कसं कळलं कोण जाणे.

बस सकाळची होती. तिने खिडकीजवळची जागा धरली, मांडीवर पुठ्ठा ठेवला, त्यावर एक कोरा कागद, आणि पहिल्या चढाच्या आधीच काढायला लागली. शेजारची बाई आधी नवलाने बघत होती. मग तिला मळमळायला लागलं तेव्हा हिने तिलाही एक कागद दिला. लांब डावं. हळूच उघडतंय. हात म्हातारा झाला होता, बस खडखडत होती, रेघ केसासारखी कुरळी होत होती, पण पोट जागेवर होतं. संध्याकाळी ती पोचली ती स्वतःच्या पायांवर, गालांना रंग घेऊन. दादा पायरीवर उभा होता, बसायला मनाई. त्याने तिला नखशिखान्त पाहिलं. "काल फोनवर येणार नाही म्हणालीस, ते खोटं आहे हे तेव्हाच कळलं," तो म्हणाला. "उलटी झाली?"

"नाही." तिने कागद पुढे केला. बोलायचं काहीतरी ठरवून आणलं होतं, पूर्ण वाक्य, वाटेत माथ्यावर जुळवलेलं. ते आता तोंडात कुठल्याच बाजूने बसेना. दादाने कागद हातभर लांब धरला, डोळे बारीक करून वळणावळणाने खाली आला.

"पुलानंतरचं हे चुकलंय."

"चुकलं नाही. तिथे मागेच कडा कापलाय. वळण सोपं केलंय त्यांनी."

"मला विचारलं नाही कुणी," दादा म्हणाला, आणि आणखी थोडा वेळ बघत राहिला. पहिल्यांदाच तो तिचा नकाशा नीट बघत होता. मग आत गेला. स्वयंपाकघरातला लायटर बिघडला होता, हे तिला फोनवरून कळलेलं होतं. त्याने कागदाची सुरेख, घट्ट सुरळी केली, काडी ओढून तिचं टोक पेटवलं, त्याने गॅस लावला, आणि जळती सुरळी बोटांना चटका बसेपर्यंत हातात धरून ठेवली, विझवायची घाई न करता. तिने पाहिलं, आणि जुळवून आणलेलं वाक्य तिला सोडून देता आलं. पातेल्यात पाणी पडलं. तो पाठमोरा उभा राहून म्हणाला, "परतीचाही काढशील ना? उद्याच्या चहाचं काय करू नाहीतर."

चहाला किंचित कागदाचा वास होता. तिने अजून अर्धा कप मागितला.